सायकलीची वाट : अधारतालच्या निमित्ताने

नगरातील रस्त्याची आखणी करताना अभियंत्याला प्रथम एक साधा प्रश्न सोडवावा लागतो : हाती असलेली जागा कोणाकोणात आणि कोणत्या प्रमाणात वाटावयाची? पायी जाणारा, सायकलवर जाणारा, बसमधून जाणारा आणि स्वतःच्या मोटारीतून जाणारा, हे चौघेही त्याच रस्त्याचे वाटेकरी असतात. रस्त्याची रुंदी वाढविता येते, पण ती अमर्याद वाढविता येत नाही. दोन्ही बाजूंस घरे, दुकाने, झाडे आणि नाले उभे असतात. म्हणून एकाला अधिक जागा देणे म्हणजे दुसऱ्याची जागा कमी करणे होय. ह्या वाटणीत सायकलस्वाराच्या पदरी आजवर काय पडले आणि काय पडावयास हवे होते, ह्याचा विचार प्रस्तुत प्रकरणात करावयाचा आहे. हा विचार अमूर्त राहू नये म्हणून एक विशिष्ट स्थळ डोळ्यांपुढे ठेवणे सोयीचे होईल. ते स्थळ म्हणजे जबलपूर शहरातील अधारताल.

स्थळाचा परिचय

जबलपूर हे तलावांचे शहर म्हणून पूर्वापार प्रसिद्ध आहे. गोंड राणी दुर्गावती १५६४ मध्ये मोगल सैन्याशी लढताना धारातीर्थी पडली. तिच्या नावाने राणीताल, तिच्या दासीच्या नावाने चेरीताल आणि तिचा प्रधान अधारसिंह ह्याच्या नावाने अधारताल, अशी ह्या तलावांची परंपरागत ओळख सांगितली जाते. अधारताल ही आज शहराच्या उत्तरेच्या बाजूस पसरलेली मोठी वस्ती आहे. तिच्यातून कटनीकडे जाणारा मार्ग हा वाराणसीहून नागपूरमार्गे कन्याकुमारीस पोहोचणाऱ्या जुन्या सातव्या क्रमांकाच्या राष्ट्रीय महामार्गाचा भाग होता. मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नोकरीच्या निमित्ताने जबलपुरात स्थायिक झालेली मराठी कुटुंबे त्या संबंधाची साक्ष देतात.

सायकलीच्या अभ्यासाला अधारताल हे स्थळ तीन कारणांनी उपयुक्त ठरते. पहिले कारण म्हणजे जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या ह्या विद्यापीठाचा मुख्य परिसर येथेच आहे. विद्यार्थी, प्रयोगशाळांतील सेवक, प्रक्षेत्रावर काम करणारे मजूर ह्यांची ये-जा तेथे रोज चालते. दुसरे कारण कारखाने. १९०४ मध्ये उभारलेला तोफगाड्यांचा कारखाना, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना आणि १९६९ मध्ये सुरू झालेला लष्करी वाहनांचा कारखाना ह्यांनी जबलपूरला कामगारांचे शहर बनविले. शिवाय अधारतालला लागूनच रिछाईची औद्योगिक वसाहत आहे. तिसरे कारण म्हणजे वस्तीचे अंतर. येथून शहराचा मध्यभाग, रेल्वे स्थानक, बाजारपेठा आणि बहुतेक कारखाने पाच-सात किलोमीटरांच्या टप्प्यात येतात. हे अंतर रोज पायी तुडविण्यास जास्त आणि सायकलने अर्ध्या तासात कापण्यासारखे आहे. सायकलीचे खरे क्षेत्र नेमके हेच असते.

सायकल : साधन आणि तिचा स्वार

आज आपण जी सायकल पाहतो तिचा सांगाडा १८८५ मध्ये इंग्लंडात जॉन केम्प स्टार्ली ह्याने सिद्ध केला. दोन समान चाके आणि मागील चाकाला साखळीने मिळणारी गती ही त्याची मुख्य वैशिष्ट्ये होती. १८८८ मध्ये डनलॉपने हवा भरलेली धाव आणली आणि सायकल सर्वसामान्यांच्या वापराची वस्तू झाली. त्यानंतर तिच्यात पुष्कळ सुधारणा झाल्या, परंतु मूळ तत्त्व बदललेले नाही. चालण्यास लागणाऱ्या श्रमाइतक्याच श्रमात सायकलस्वार पादचाऱ्याच्या सुमारे तिप्पट वेगाने जातो, आणि त्यासाठी त्याला इंधनाचा एक थेंबही विकत घ्यावा लागत नाही.

भारतात प्रारंभी सायकल परदेशातून येई आणि ती सुखवस्तू लोकांचीच मिरास होती. स्वातंत्र्यानंतर मद्रासजवळ अंबत्तूर येथे १९४९ मध्ये, सोनीपत येथे १९५१ मध्ये आणि लुधियाना येथे १९५६ मध्ये मोठे कारखाने निघाले, तेव्हा ती कामगार, कारकून आणि शिक्षक ह्यांच्या आवाक्यात आली. तासावर भाड्याने मिळणारी सायकल, कोपऱ्यावरचे पंक्चर काढणारे दुकान, कॅरिअरला बांधलेला जेवणाचा डबा, रात्री दिवा नसल्यास किंवा डबलसीट बसल्यास पोलिसाने केलेला दंड, ह्या गोष्टी त्या पिढीच्या नागरी जीवनाचा नित्याचा भाग होत्या. कारखान्याचा भोंगा झाला की फाटकातून सायकलींचा लोंढा बाहेर पडावा, हे दृश्य अनेक औद्योगिक शहरांनी पाहिले आहे.

पुढे दुचाकी मोटारगाड्या स्वस्त झाल्या, मिळकती वाढल्या, शहरे पसरली आणि सायकल मागे पडली. तरीही ती नाहीशी झालेली नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती, तर स्कूटर वा मोटारसायकल सुमारे २१ टक्के कुटुंबांकडे होती. त्याच गणनेत शेती व घरगुती उद्योग वगळून इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के लोक कामावर सायकलने जात असल्याचे आढळले. हे आकडे आता जुने झाले आहेत आणि त्यानंतर सायकलीचा वाटा घटला असणे संभवनीय आहे. तथापि आजही सायकल चालविणारा मनुष्य कोण आहे, हे त्यांवरून ओळखता येते. बांधकामावरील गवंडी, पहाटे दूध आणि वर्तमानपत्रे पोहोचविणारा, रखवालदार, छोट्या कारखान्यातील कामगार आणि शाळकरी मुले हे सायकलीचे मुख्य स्वार आहेत. ह्यांपैकी बहुतेकांनी ती हौसेखातर निवडलेली नसते. महिन्याच्या मिळकतीतून पेट्रोलचा खर्च वजा करणे त्यांना परवडत नाही, एवढेच त्याचे कारण असते.

मुलींच्या बाबतीत ही गोष्ट अधिक विचार करण्याजोगी आहे. घरात एकच मोटारसायकल असेल तर ती बहुधा पुरुषाबरोबर कामावर जाते. शाळा किंवा महाविद्यालय चार किलोमीटरांवर असेल, तर मुलीपुढे बस, रिक्षा किंवा सायकल हेच पर्याय उरतात. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९० च्या दशकाच्या प्रारंभी साक्षरतेच्या चळवळीबरोबर हजारो स्त्रिया सायकल शिकल्या, आणि बाजाराला, पाण्याला, कामाला जाण्यासाठी कोणाची वाट पाहण्याची त्यांची गरज संपली. बिहारने २००६ मध्ये नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्याची योजना आखली. मध्य प्रदेशातही शाळकरी मुलांना मोफत सायकली देण्यात येतात. सायकल देणे हे शासनाचे अर्धे काम झाले. ती सायकल घेऊन मुलगी ज्या रस्त्यावर येते, तो रस्ता तिला सुखरूप शाळेत पोहोचवील, ही तजवीज करणे हे उरलेले अर्धे काम होय.

धोक्याचे गणित

सायकलस्वाराभोवती लोखंडी कवच नसते. त्याचे वजन कमी, वेग मध्यम आणि तोल नाजूक. ताशी १५ किलोमीटर वेगाने चाललेल्या सायकलीशेजारून ताशी ६० किलोमीटर वेगाचा ट्रक जातो, तेव्हा धक्का लागला नाही तरी केवळ हवेच्या झोताने सायकल डगमगते. गतिमान वस्तूची ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग ३० वरून ६० झाला तर आघात दुप्पट न होता चौपट होतो. शाळेत शिकलेला हा नियम रस्त्यावर जीवनमरणाचा ठरतो. २०२२ मध्ये भारतातील रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत पादचारी सुमारे ३३ हजार होते, तर सायकलस्वार साडेचार हजारांहून अधिक होते.

ह्यावरून एक मूलभूत तत्त्व निघते. जेथे मोटारींचा वेग कमी असतो, अशा गल्लीबोळांत आणि वसाहतींच्या अंतर्गत रस्त्यांवर, सायकलीला स्वतंत्र मार्गाची आवश्यकता नसते. तेथे वेग मर्यादित ठेवला की पुरे. जेथे वेग अधिक आणि अवजड वाहने पुष्कळ, तेथे मात्र सायकल आणि मोटार एकमेकांपासून अलग केलीच पाहिजे. अधारतालमधून जाणारा कटनीचा मार्ग दुसऱ्या प्रकारात मोडतो. वस्तीच्या आतील रस्ते पहिल्या प्रकारातील आहेत. एकाच वस्तीत दोन वेगळे उपाय योजावे लागतात, हे येथे ध्यानात ठेवावे.

१९६२ चे मानक

सायकल-मार्ग ही कल्पना अलीकडे परदेशातून आयात झाली असा एक समज आढळतो. वस्तुस्थिती निराळी आहे. देशातील रस्त्यांच्या विकासाचा विचार करण्यासाठी १९२७ मध्ये नेमलेल्या समितीचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर होते, जे पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्या समितीच्या शिफारशींना अनुसरून १९३४ मध्ये इंडियन रोड्स काँग्रेस ही संस्था स्थापन झाली. रस्त्यांविषयीची मानके ठरविणे हे तिचे काम. ह्या संस्थेने १९६२ मध्येच सायकल-मार्गांच्या आखणीसाठी स्वतंत्र मानक प्रसिद्ध केले होते.

त्या मानकातील विचारसरणी आजही शिकण्यासारखी आहे. गर्दीच्या तासात एखाद्या रस्त्यावरून ४०० किंवा अधिक सायकली जात असतील आणि मोटारवाहने ताशी १०० ते २०० असतील, तर स्वतंत्र मार्ग असावा. मोटारवाहने ताशी २०० च्या पुढे गेली, तर सायकली केवळ १०० असल्या तरी स्वतंत्र मार्ग समर्थनीय ठरतो. मोटारींची संख्या वाढली की सायकलस्वाराला संरक्षणाची गरज अधिक, हे सूत्र साठ वर्षांपूर्वी ह्या देशातील अभियंत्यांनी मान्य केलेले होते.

मापांबाबतही मानक स्पष्ट होते. सायकलींची एक रांग जाण्यास एक मीटर जागा धरावी, परंतु मार्गाची किमान रुंदी दोन मीटर आणि पुढे जाण्याची सोय ठेवावयाची तर तीन मीटर असावी. कारण तोल सावरण्यास आणि मागून येणाऱ्यास पुढे जाण्यास मोकळीक लागते. अधिक रांगांसाठी प्रत्येकी एक मीटर वाढवावा. तीस मीटरांत एक मीटरपेक्षा अधिक चढ असू नये, आणि इतका चढसुद्धा नव्वद मीटरांहून लांब नसावा. डोक्यावर किमान सव्वादोन मीटर जागा मोकळी असावी. हे मानक २०१५ मध्ये सुधारण्यात आले. २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या प्रवासाला प्राधान्य द्यावे, असे तत्त्व स्वीकारले.

एवढे असूनही आपल्या नगरांत सायकल-मार्ग विरळाच दिसतात. ज्ञान नव्हते असे म्हणता येत नाही. रस्ता रुंद करताना वाढलेली जागा प्रत्येक वेळी मोटारींना देण्यात आली, हे त्याचे खरे कारण होय.

इतरत्र आलेले अनुभव

चंडीगढ हे स्वातंत्र्यानंतर नव्याने वसविलेले नगर. ल कॉर्ब्युझिए ह्याने तेथील रस्त्यांची सात श्रेणींत वर्गवारी केली होती आणि सायकलींसाठी पुढे आठवी श्रेणी जोडण्यात आली. जागा मुबलक असल्याने मार्गही ऐसपैस झाले. अडचण आली ती मोठ्या वर्तुळाकार चौकांत. दोन चौकांमधील मार्गावर स्वार सुरक्षित असतो. चौक आला की त्याला वेगवान मोटारींच्या प्रवाहात शिरावे लागते. अपघाताची भीती सर्वांत जास्त जेथे, तेथेच संरक्षण संपते.

पुण्याचा अनुभव मराठी वाचकाला अधिक जवळचा आहे. हे एके काळी सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. २००५ च्या अखेरीस केंद्र शासनाची नागरी पुनर्निर्माण योजना सुरू झाली आणि तिच्या साहाय्याने पुण्यातील अनेक रस्त्यांच्या कडेने सायकल-मार्ग बांधण्यात आले. त्यांपैकी पुष्कळ मार्ग वापराविना पडून राहिले. ते पाहणाऱ्याला कारणे सहज दिसत. मार्ग मध्येच तुटे. वाटेत विजेचा खांब, झाड किंवा बसथांबा येई. प्रत्येक फाटकाशी चढउतार करावा लागे. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या फरसबंदीवर चाके खडखडत. आणि उरलेल्या जागेत मोटारसायकली उभ्या असत. रस्ता एका खात्याने बांधावा, खांब दुसऱ्याने रोवावा, जलवाहिनीसाठी तिसऱ्याने तो खणावा आणि पुन्हा बुजविण्याची जबाबदारी कोणाचीच नसावी, ही आपल्या नगरप्रशासनाची जुनी व्याधी येथेही आड आली. मार्ग ओस पडलेले पाहून लोकांनी निष्कर्ष काढला, की सायकल कोणाला नकोच आहे. डिसेंबर २०१७ मध्ये पुणे महानगरपालिकेने व्यापक सायकल आराखडा संमत केला. आठशे किलोमीटरांहून अधिक लांबीचे सलग जाळे त्यात कल्पिलेले आहे. सुट्या तुकड्यांनी काम भागत नाही, हा धडा त्यामागे आहे.

दिल्लीत २००८ मध्ये अंबेडकर नगर ते मूलचंद ह्या ५.८ किलोमीटरांच्या टप्प्यात बससाठी राखीव मार्ग झाला आणि त्याच्या जोडीने सायकलींसाठीही अलग वाट ठेवण्यात आली. बसमार्गामुळे मोटारींची जागा कमी झाली, म्हणून त्याविरुद्ध मोठा ओरडा झाला आणि २०१६ मध्ये तो मार्ग उखडण्यात आला. सायकलींची सोय ज्या योजनेचा भाग म्हणून केली जाते, ती योजना वादात सापडली की सोयही धोक्यात येते, हे ह्या उदाहरणावरून दिसते.

परदेशातील उदाहरणांत हॉलंडचे नाव प्रथम घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु तो देश प्रारंभापासून असा नव्हता. १९५० आणि १९६० च्या दशकांत तेथेही मोटारींसाठी रस्ते रुंद झाले आणि सायकली झपाट्याने घटल्या. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात सुमारे ३,३०० माणसे रस्त्यांवर मेली आणि त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालकांनी चळवळ उभारली; मुलांची हत्या थांबवा ही तिची घोषणा होती. १९७३ मध्ये तेलाचे संकट आले, रविवारी मोटारींना बंदी घालावी लागली आणि शासनाला वेगळा विचार करण्याची निकड भासली.

त्यानंतर जे प्रयोग झाले ते अभ्यासण्याजोगे आहेत. हेग आणि टिलबर्ग ह्या शहरांत प्रथम एकेक उत्तम, लांब सायकल-मार्ग बांधण्यात आला. आसपासचे स्वार त्या मार्गावर आले, परंतु शहरातील एकूण सायकल-प्रवास फारसा वाढला नाही. पुढे डेल्फ्ट ह्या शहराने निराळी पद्धत अवलंबिली. तेथे एका भव्य मार्गाऐवजी तीन पातळ्यांचे जाळे विणले गेले : शहराच्या पातळीवर सुमारे पाचशे मीटर अंतराने मुख्य मार्ग, विभागाच्या पातळीवर दोन-तीनशे मीटरांवर दुय्यम मार्ग आणि वस्तीत शंभर मीटरांच्या आसपास लहान वाटा. कोठे एखादा छोटा पूल, कोठे भुयारी रस्ता, कोठे बंद गल्ली मोकळी करणे, अशी कामे हाती घेऊन तुटलेले दुवे सांधले गेले. परिणामी सायकलीचा वापर वाढला आणि टिकला. स्वार घरातून निघून इच्छित स्थळी पोहोचेपर्यंत सलग सुरक्षित वाट मिळते की नाही, हीच खरी कसोटी असल्याचे त्यातून सिद्ध झाले.

मोजणी आणि तिच्या मर्यादा

अधारतालसारख्या वस्तीत काम करावयाचे तर आरंभ मोजणीने करावा. तिला मोठी यंत्रसामग्री लागत नाही. सकाळी पाळी भरण्याच्या आणि सायंकाळी ती सुटण्याच्या वेळी, तसेच शाळा सुटताना, तिराह्यावर आणि विद्यापीठाच्या फाटकाशी दोन-दोन माणसे वही घेऊन बसली, तरी दर पंधरा मिनिटांत किती सायकली, किती पादचारी आणि किती मोटारवाहने गेली ह्याची नोंद होते. पुरुष, स्त्रिया आणि मुले ह्यांची नोंद निराळी ठेवावी. एक-दोन आठवड्यांच्या अशा नोंदींतून १९६२ च्या मानकाशी तुलना करण्याजोगी माहिती हाती येते. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांकडून हे काम उत्तम होऊ शकेल.

मात्र मोजणीला एक मर्यादा आहे. रस्त्यावर जे दिसतात तेवढेच मोजले जातात. भीतीने घरी राहिलेले वहीत येत नाहीत. कोरड्या विहिरीवर घागर घेऊन कोणी येत नाही, म्हणून गावाला पाण्याची गरज नाही असे कोणी म्हणत नाही. सायकलींच्या मोजणीत शाळकरी मुली अगदी थोड्या आढळल्या, तर मुलींना सायकल आवडत नाही असा अर्थ न काढता, त्यांच्या घरी जाऊन कारण विचारले पाहिजे. मोजणीबरोबर अशी घरोघर विचारपूस केली तरच गरजेचे खरे माप मिळते.

आखणीची तत्त्वे

आतापर्यंतच्या विवेचनावरून अधारतालसाठी, आणि तिच्यासारख्या कोणत्याही वस्तीसाठी, काही तत्त्वे मांडता येतील.

पहिले तत्त्व सलगतेचे. मुख्य मार्गावर दोन्ही बाजूंस, पदपथ आणि मोटारींचा रस्ता ह्यांच्या मध्ये, उंच कडेने अलग केलेली वाट असावी. ती विद्यापीठाचे फाटक, शाळा, बाजार, रिछाईची वसाहत आणि अधारतालचे रेल्वे स्थानक ह्यांना जोडणारी असावी. केवळ पांढरा पट्टा ओढून भागत नाही. पट्टा मोटारसायकलीला अडवीत नाही. वाटेच्या तोंडाशी रोवलेले खांब असे असावेत, की सायकल आणि अपंगांची तीनचाकी सहज आत जाईल आणि मोटारगाडी शिरू शकणार नाही.

दुसरे तत्त्व चौरस्त्याचे. वाट चौकापाशी संपू नये. तेथे तिचा रंग वेगळा असावा, वळणाऱ्या मोटारींचा वेग आपोआप कमी होईल असे वळण अरुंद ठेवावे, आणि दिवे असतील तर सायकलस्वाराला मोटारींच्या पुढे थांबण्यास जागा द्यावी. ट्रकचालकाला आपल्या डाव्या अंगाचा सायकलस्वार दिसत नाही. पुढे उभा असलेला दिसतो.

तिसरे तत्त्व पृष्ठभागाचे. सायकलीला स्प्रिंगा नसतात. प्रत्येक खड्डा स्वाराच्या मनगटांना आणि कमरेला जाणवतो. म्हणून वाट डांबराची किंवा काँक्रीटची, गुळगुळीत असावी. गटारावरील जाळीच्या पट्ट्या वाटेला आडव्या असाव्यात. उभ्या असल्या तर त्यांत चाक अडकते. जबलपुरात पावसाळा जोराचा असतो, यास्तव वाट मोटाररस्त्यापेक्षा किंचित उंच ठेवून पाण्याला उतार द्यावा.

चौथे तत्त्व सावलीचे. थंड देशांतील पुस्तकांत ह्याचा उल्लेख क्वचितच सापडतो. वैशाखात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा उघड्या वाटेवर दुपारी कोणी फिरकत नाही. पाळी सुटण्याच्या वेळी ऊन पश्चिमेचे असते. म्हणून वाटेच्या पश्चिम अंगास कडुनिंब, करंज ह्यांसारखी झाडे लावली, तर परतीचा प्रवास सुसह्य होतो. झाड वाटेच्या मध्ये न येता कडेला राहील, ही दक्षता आखणीतच घ्यावी लागते.

पाचवे तत्त्व देखभालीचे. वाट झाडणे, खड्डे बुजविणे, दिवे लावणे आणि तीवर उभी केलेली वाहने हटविणे ही कामे रोजची आहेत. त्यांची जबाबदारी एका विशिष्ट अधिकाऱ्याकडे असावी आणि खर्चाची तरतूद महानगरपालिकेच्या अंदाजपत्रकात दरवर्षी स्वतंत्र दाखविली जावी.

आक्षेपांचा विचार

अशा योजनेवर येणारे आक्षेप दुर्लक्ष करण्याजोगे नाहीत. दुकानदार म्हणतो, दारापुढे गाडी उभी राहिली नाही तर गिऱ्हाईक येणार नाही. त्याची चिंता खरी आहे. तिचे उत्तर असे, की मोटारी उभ्या करण्याची जागा जवळच्या आडरस्त्यावर निश्चित करून द्यावी, आणि एका मोटारीच्या जागेत आठ-दहा सायकली उभ्या राहतात, ही गोष्ट त्याच्या निदर्शनास आणावी. फेरीवाल्याला हुसकावण्याऐवजी पदपथाच्या कडेला आखून दिलेली जागा द्यावी. जागा न दिल्यास तो सायकल-मार्गावरच बसणार, कारण त्यालाही पोट आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. ऑगस्ट २०२५ मध्ये जबलपुरात दमोह नाका ते मदनमहाल असा सुमारे सात किलोमीटरांचा उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला. त्यावर एक हजार कोटी रुपयांहून अधिक खर्च झाला. मोटारीतून जाणाऱ्याचा वेळ त्यामुळे वाचतो, हे निर्विवाद आहे. परंतु सायकलस्वाराचे जग पुलाखालीच राहते. सायकल-मार्गांना भूसंपादन क्वचितच करावे लागते, खोल पाया खणावा लागत नाही आणि भार हलका असल्याने पृष्ठभाग दीर्घकाळ टिकतो. पुलाच्या खर्चाच्या अगदी लहान अंशात अधारतालसारख्या वस्तीचे संपूर्ण जाळे उभे राहू शकेल. पैशाची टंचाई हे कारण येथे फारसे पटण्यासारखे नाही.

तिसरा आक्षेप असा, की मिळकत वाढली की प्रत्येक जण मोटारसायकल घेणारच. मग जुन्या वाहनासाठी नवी वाट कशाला? ह्यात तथ्यांश आहे. सायकल-मार्ग झाला म्हणून सर्व लोक मोटारसायकली सोडतील, अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि ज्यांना आजही सायकलशिवाय गत्यंतर नाही, त्यांनी मोटारसायकल घेण्याइतकी ऐपत येईपर्यंत जीव मुठीत धरून प्रवास करावा, असे म्हणणे न्यायाचे होत नाही. शिवाय मोटारसायकल घेण्याचे एक कारण सायकलची भीती हेही असते. भीती कमी झाली, तर काही कुटुंबे तो खर्च मुलांच्या शिक्षणाकडे वळवू शकतील.

उपसंहार

जबलपूरची निवड जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या वीस शहरांत झाली होती. २०२१ मध्ये सायकलीसाठी रस्ते सुधारण्याच्या राष्ट्रीय स्पर्धेत जी अकरा शहरे निवडली गेली, त्यांत नागपूर आणि पिंपरी-चिंचवड ह्यांचा समावेश होता. योजना येतात आणि त्यांची मुदत संपते. रस्त्याची आखणी मात्र पन्नास वर्षे टिकते, कारण एकदा मोटारींना दिलेली जागा परत घेणे अवघड असते. म्हणून मुख्य रस्त्याचे काम ज्या वेळी नव्याने निघते, त्याच वेळी सायकलीचा वाटा त्यात लिहून घेणे इष्ट होय. रस्त्याच्या नकाशावर हरकती व सूचना मागविल्या जातात, तेव्हा मोटार असलेला नागरिक बोलतो आणि पाळीवर गेलेला सायकलस्वार अनुपस्थित असतो. ग्रंथालयात बसून हे पृष्ठ वाचणाऱ्या वाचकाने आपल्या वस्तीतील नकाशा मागवावा, त्यावर तीन मीटरांची ती वाट दाखविलेली आहे की नाही हे पाहावे, आणि नसल्यास तशी लेखी सूचना द्यावी. कृषी विद्यापीठातील रात्रपाळीचा रखवालदार आणि सकाळच्या शाळेला निघालेली मुलगी ह्या दोघांच्याही वतीने ती सूचना नोंदली जाईल.